वाचक विचारतात : डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, लिनक्स नव्या डिस्कवर कसं न्यायचं?

या वेळी पत्रांत डिस्कचेच प्रश्न एवढे आलेत की बाकीचे पुढच्या अंकाला ढकललेत. आधीच एक सांगून ठेवतो, कमांडांची नावं इथे देवनागरीत छापलीयत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची. आणि खाली सगळीकडे जुनी आजारी डिस्क म्हणजे एसडीए आणि नवी म्हणजे एसडीबी (लिनक्स डिस्कना अशी नावं देतं) असं धरलंय. तुमच्या मशीनवर हे उलटं असू शकतं, रीबूट केल्यावर बदलूही शकतं, त्यामुळे दर वेळी एलएसबीएलके (डिस्कची यादी देणारी कमांड) हायफन स्मॉल ओ आणि पुढे नेम, साइज, मॉडेल, सिरियल हे कॉलम देऊन चालवा, साइज, मॉडेल आणि सिरियल नंबर बघा आणि मगच एंटर दाबा.

प्रश्न : सर, लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे, १ टीबीची हार्ड डिस्क. हल्ली मधेच सगळं गोठतं, माउससुद्धा हलत नाही, मग अर्ध्याएक मिनिटाने आपोआप सुरू होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग, अक्षरं डी-एम-ई-एस-जी) आय-ओ एरर, म्हणजे वाचता-लिहिता न आल्याची चूक, आणि पुढे सेक्टर (डिस्कवरचा सगळ्यात छोटा तुकडा) नंबर अशा ओळी दिसतात. पण स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) हेल्थ टेस्ट 'पास्ड' आहे. मग डिस्क चांगली समजू का? आणि रिकव्हरी मोडमधून एफएसचेक (अक्षरं एफ-एस-सी-के) मारून बघू का?

उत्तर : दोन्हीला नाही. ते 'पास्ड' वाचून निर्धास्त होऊ नका, कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडल्याशिवाय ते 'फेल्ड' म्हणतच नाही आणि ती मर्यादा भलतीच सैल असते. स्मार्टसीटीएल या कमांडला हायफन स्मॉल ए लावून पूर्ण तक्ता काढा आणि शेवटच्या, म्हणजे रॉ व्हॅल्यूच्या कॉलममध्ये ५, १९७ आणि १९८ या ओळी बघा. ५ म्हणजे डिस्कने बाद ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचताच येत नाहीयेत आणि निर्णय बाकी आहे असे, १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना न वाचता आलेले. १९७ शून्य नसेल आणि वर डीमेसेज ओरडतंय, तर डिस्क गेलीच धरा. फक्त १९९ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर मात्र दोष बहुतेक केबलचा किंवा कनेक्टरचा असतो, केबल बदलून बघा, फुकटात सुटाल. आणि सगळे आकडे शून्य असले तरी शंभर टक्के खात्री नाहीच. २००७ मध्ये गूगलच्या इंजिनिअर लोकांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी अर्ध्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही आलेला नव्हता.

ते गोठणं म्हणजे डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिची वाट बघत बसतो. कर्नलची ही मर्यादा साधारण ३० सेकंदांची असते, ती संपली की तो लिंक रीसेट करतो, म्हणून तुमचं ते अर्धं मिनिट.

आता एफएसचेक. ते फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) दुरुस्त करायचं साधन आहे, डिस्क नाही, आणि खालची डिस्क नीट वाचतेय-लिहितेय हे ते गृहीत धरतं. ज्या ब्लॉकमध्ये फोल्डरची यादी आहे तोच वाचता आला नाही तर ते विचारतं, एरर सोडून देऊ का, जबरदस्तीने परत लिहू का, आणि आपण वैतागून वाय वाय वाय दाबत जातो, मग शे-दोनशे फाइली नाव-गाव हरवून लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरात जाऊन पडतात. जो ब्लॉक अजून चार प्रयत्नांत वाचता आला असता त्याच्यावर आपणच बोळा फिरवलेला असतो. चालवायचं आहेच, पण कॉपीवर. स्मार्टची लाँग टेस्टसुद्धा आता नको, ती अख्खी डिस्क वाचते आणि त्या बदल्यात तुम्हाला एक बाइटही मिळत नाही. या डिस्ककडून अजून किती वाचून होणार ते आपल्याला माहीत नाही, तर जे काही वाचून होईल ते कॉपीच्याच कामी येऊ दे.

मशीन बंद करा, आणि आता थेट लाइव्ह यूएसबीवरूनच (डिस्कला हात न लावता लिनक्स चालवणारा पेन ड्राइव्ह) चालू करा. चालू सिस्टीम लॉग लिहिते, ब्राउझर कॅश लिहितो, सगळं त्याच डिस्कवर.

प्रश्न : डीडी या कॉपीच्या कमांडने क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) मारायला घेतलं तर ४० जीबीवर इनपुट-आउटपुट एरर देऊन थांबलं. कुठेतरी वाचलं की नो-एरर आणि सिंक हे ऑप्शन टाकले की पुढे जातं. टाकू का? का क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर वापरू?

उत्तर : डीडी चांगल्या डिस्कसाठी आहे. नो-एररने पुढे जातं खरं, पण ब्लॉक साइज १ एमबी दिला असेल तर आतला एक छोटा सेक्टर वाचता आला नाही म्हणून सगळ्या ब्लॉकवर पाणी सोडावं लागू शकतं, आणि सिंक विसरलात तर पुढचा सगळा डेटा जागेवरून सरकतो, मग तो क्लोन कुठल्याच कामाचा नाही. वर मधे लाइट गेली की पहिल्यापासून. क्लोनझिलाही खराब सेक्टर आला की थांबतो, त्यात रेस्क्यूचा ऑप्शन आहे, पण अर्धवट काम पुढे चालू ठेवायची सोय तिथे नाही.

तुम्हाला हवंय ते ग्नू डीडीरेस्क्यू. नावाचा थोडा घोळ आहे, डेबियन आणि उबंटूमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आणि कमांड मात्र डीडीरेस्क्यू, आणि मधे अंडरस्कोर असलेलं डीडी_रेस्क्यू हे दुसऱ्याच माणसाने लिहिलेलं वेगळंच टूल आहे, त्याचे ऑप्शन इथे चालणार नाहीत.

हे डोक्याने काम करतं. आधी जे सहज वाचता येतंय ते भराभर उचलतं, अडलं की तिथे न रेंगाळता उडी मारून पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. चांगला भाग सगळा हाती आल्यावर मग खराब पट्ट्यांच्या कडा तासत आत शिरतं. ती मॅपफाइल म्हणजे या सगळ्याचा जीव आहे, ती असेल तर कंट्रोल-सी मारा, लाइट जाऊ दे, उद्या बसा, तीच कमांड परत दिली की जिथे सोडलं तिथून सुरू. म्हणून ती लाइव्ह यूएसबीच्या डेस्कटॉपवर ठेवू नका, तो रॅममध्ये असतो, बंद केलं की गेला. वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

पहिली फेरी अशी : डीडीरेस्क्यू, मग हायफन एफ, हायफन एन, मग जुनी डिस्क (डेव्ह फोल्डरातली एसडीए), मग नवी डिस्क (तिथलीच एसडीबी), मग मॅपफाइल. कॅपिटल म्हटलं नसेल तिथे अक्षर स्मॉल. एफ कशाला तर डिव्हाइसवर थेट लिहायला ते परवानगी मागतं, एन म्हणजे खराब पट्ट्या खरवडत बसू नको. क्रम विसरू नका, आधी कुठून, मग कुठे. हा उलटा झाला तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते आणि त्याला अनडू नाही. ती फेरी संपली की दुसरी, त्यात एन काढून टाका, हायफन डी आणि हायफन आर ३ टाका, म्हणजे कर्नलच्या कॅशला वळसा घालून थेट वाचेल आणि राहिलेल्या जागी तीन-तीन वेळा प्रयत्न करेल. मॅपफाइल तीच हवी. तरी बरंच राहिलं असेल तर कॅपिटल आरने उलट्या दिशेने, शेवटाकडून वाचून बघा, कधीकधी तेवढ्यानेही काही सेक्टर सुटतात.

वेळेचं म्हणाल तर धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर १ टीबीला पावणेतीन तास. आजारी डिस्कला दिवसही लागू शकतात, स्क्रीनवरचा वेग शून्यावर आला म्हणून घाबरून बंद करू नका. जमलं तर जुनी डिस्क थेट मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला जोडा, बाहेरून डिस्क जोडायच्या यूएसबीच्या डब्या एररच्या वेळी स्वतःच लटकतात, काही तर स्मार्टही दाखवत नाहीत. डिस्क तापत असेल तर पंख्याची हवा द्या.

एक मतभेदाचा मुद्दा आहे. आधी अख्खी डिस्क उचलायची की आधी महत्त्वाच्या फाइली? बरेच जण म्हणतात फाइलींच्या मागे लागलं की हेड इकडून तिकडे नाचत राहतं, सरळ ओळीने वाचलेलं बरं. ते बरोबर आहे. पण माझं मत, डिस्क अजून बऱ्यापैकी वाचतेय, आवाज नाही, आणि पुन्हा कुठूनच मिळणार नाही असा डेटा चार-पाच जीबीचाच आहे, तर तो आधी काढा. माउंट (फाइल सिस्टीम वापरायला जोडणं) मात्र रीड-ओन्ली करा, आणि फाइल सिस्टीम एक्स्ट-फोर असेल तर सोबत नोलोड ऑप्शनही द्या, नाहीतर रीड-ओन्ली म्हणूनसुद्धा ते जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा लागू करताना डिस्कवर लिहितं. प्रबंध, हिशोब, फोटो, एसएसएचच्या चाव्या, एवढंच. सिनेमे नाहीत!

प्रश्न : जुनी १ टीबीची, नवीन एसएसडी ५०० जीबीची आहे. वापर जेमतेम १२० जीबी. क्लोन होईल का? पार्टिशन आधी छोटं करून घेतलं तर?

उत्तर : सरळ क्लोन मावणार नाही. आणि आजारी डिस्कवर पार्टिशन छोटं करणं म्हणजे तिच्यावर हजारो ब्लॉक इकडचे तिकडे हलवणं, नावही काढू नका. शिवाय एक्सएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर ती व्यवहारात छोटी होतच नाही.

तिसरी मोठी डिस्क काही दिवस उसनी घ्या, डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कऐवजी तिच्यावर एका फाइलमध्ये इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) काढा, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मग निवांत बसा, कारण आता घाई संपली. इमेजची एक कॉपी करून ठेवता आली तर उत्तम. एफएसचेक करायचं ते इथे. मग ती इमेज लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क म्हणून दाखवणं) म्हणून पार्टिशनसकट उघडायची, एसएसडीवर नवीन पार्टिशन करून फॉरमॅट करायची आणि आरसिंक या कॉपीच्या कमांडने फाइली आणायच्या. आरसिंकला स्मॉल ए, कॅपिटल ए, कॅपिटल एक्स, कॅपिटल एच असे चारही द्या आणि न्यूमेरिक-आयडीज पण. नुसत्या स्मॉल एने परवानग्या येतात पण एसीएल (बारकाईच्या परवानग्या), एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला चिकटलेली जास्तीची माहिती) आणि हार्डलिंक (एकाच फाइलची दोन नावं) येत नाहीत, मग सिस्टीम उठते पण बारीकसारीक गोष्टी चालत नाहीत आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. न्यूमेरिक नसेल तर लाइव्ह यूएसबीवरच्या युजरांच्या नावांशी घोळ होतो.

प्रॉक, सिस, डेव्ह, रन हे फोल्डर वगळायचे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते चालू सिस्टीममधून कॉपी करणाऱ्यांसाठी. इमेजमधून करताना ते रिकामेच असतात, येऊ द्या, कारण ते रिकामे का होईना नव्या डिस्कवर असायलाच हवेत, नाहीतर बूटच होणार नाही.

एवढं करून एसएसडी लावली की हमखास काळी स्क्रीन येते, कारण नवीन फॉरमॅट म्हणजे नवीन यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख नंबर) आणि एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) अजून जुनेच आहेत. बीएलकेआयडी कमांडने नवे काढा आणि रूट, बूट, ईएफआय, स्वॅप सगळे बदला. बहुतेकांचा स्वॅप राहतो. मग सिस्टीमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) त्या हरवलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं आणि तुम्हाला वाटतं एसएसडीच स्लो आहे. डेबियन-उबंटूवर आणखी एक जागा लपलेली असते, ईटीसीमध्ये इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरातली रिझ्यूम नावाची फाइल, तिच्यातही जुन्या स्वॅपचा यूयूआयडी असू शकतो.

मग ग्रब, म्हणजे लिनक्स बूट करणारा प्रोग्राम. लाइव्ह यूएसबी ज्या मोडमध्ये बूट केलीय, यूईएफआय की जुनं बायोस, त्याच मोडचा ग्रब बसवणं सोपं, म्हणून आधी सिस, फर्मवेअर आणि त्यात ईएफआय असं फोल्डर दिसतंय का बघा, दिसलं तर यूईएफआय. एसएसडीचं रूट माउंट करा, त्याच्यात ईएफआय पार्टिशन बूट-ईएफआयवर माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही आर-बाइंडने आत जोडा, साधा बाइंड केला तर सिसच्या पोटातलं इफीव्हार्स येत नाही आणि ग्रबला यूईएफआय फर्मवेअरमध्ये आपली नोंदच करता येत नाही. मग सीएचरूट (नव्या डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरणं) करून ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-इनिटरॅमएफएस, अपडेट-ग्रब. बायोस मोड आणि जीपीटी (पार्टिशनांच्या तक्त्याचा नवा प्रकार) अशी जोडी असेल तर बायोस-ग्रब फ्लॅगचं १ एमबीचं कोरं पार्टिशन लागतं. फेडोरावाल्यांनी यूईएफआयवर ग्रब-टू-इन्स्टॉल चालवू नका, तिथे पॅकेजच परत इन्स्टॉल करायचं असतं, आणि एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेची फाइलींवरची लेबलं नीट आली नसतील तर रूटमध्ये डॉट-ऑटोरिलेबल नावाची रिकामी फाइल टाकून बूट करायचं.

साटावरून एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवर जाताय का? मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा गठ्ठा) परत बनवणं टाळू नका. काही सिस्टीम त्या मशीनला लागणारेच ड्रायव्हर त्यात भरतात, आणि जुन्या मशीनला एनव्हीएमई माहीतच नव्हतं. फेडोरावर अडकलात तर मेनूतला रेस्क्यू कर्नल निवडा, त्यात सगळे ड्रायव्हर असतात.

प्रश्न : क्लोन छान झाला, नवी डिस्क २ टीबीची आहे. जुनी अजून आतच आहे. पण कधी जुन्यावरून बूट होतं कधी नव्यावरून, आणि जीपार्टेड हे पार्टिशनचं टूल म्हणतंय सगळी जागा वापरात नाही, फिक्स करू का.

उत्तर : जुनी काढा, आत्ताच. क्लोनमध्ये यूयूआयडीसुद्धा तसेच्या तसे येतात, म्हणजे एकाच नावाच्या दोन डिस्क मशीनमध्ये आहेत आणि कर्नलला जी आधी दिसेल ती तो घेतो. एक्सएफएस निदान माउंट करायला नकार तरी देतं, बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमवर हा प्रकार धोक्याचा आहे, ते दोन्हींना एकच समजून गोंधळ घालू शकतं. जीपार्टेडला फिक्स म्हणा. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, ती क्लोनबरोबर मधेच येऊन पडलीय, फिक्स म्हटलं की ती शेवटाला जाते आणि मग पार्टिशन वाढवता येतं. एक्स्ट-फोर तर चालू सिस्टीमवरही वाढतं.

प्रश्न : माझी डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करायची पद्धत) एन्क्रिप्टेड आहे. पासवर्ड माहीत आहे. तरी डीडीरेस्क्यू चालेल ना?

उत्तर : चालेल, त्याला आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही, सगळी डिस्क जशीच्या तशी उचला. फक्त सगळ्यात आधी, अगदी आधी, क्रिप्टसेटअप कमांडच्या लक्सहेडरबॅकअपने हेडर वेगळं काढून ठेवा. पार्टिशनच्या सुरुवातीचा हा छोटासा तुकडा, लक्स-टूमध्ये सहसा १६ एमबीचा. खरी किल्ली त्यात असते, तुमचा पासवर्ड ती किल्ली उघडतो, बस. नेमका तिथलाच किल्लीचा भाग वाचता आला नाही तर पासवर्ड पाठ असून उपयोग शून्य, आणि कुठली लॅबही काही करू शकणार नाही. हेडरची ती फाइल जपून ठेवा, पासवर्ड कळलेल्याला तिच्यावरून डिस्क उघडता येते.

प्रश्न : एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) आहे तर तिच्या पीव्ही-मूव्ह कमांडने चालू सिस्टीमवरच डेटा हलवता येतो असं मित्र म्हणतो.

उत्तर : येतं आणि चांगल्या डिस्कवर मस्त चालतं. आजारी डिस्कवर पहिल्याच न वाचता येणाऱ्या सेक्टरला ते अडकतं आणि तुमचं व्हॉल्यूम अर्धं इथे अर्धं तिथे लोंबकळत राहतं. नको.

प्रश्न : डीडीरेस्क्यूने ९९.९९ टक्के डेटा वाचवला म्हणून दाखवलं, सिस्टीम बूटही झाली. म्हणजे संपलं ना?

उत्तर : ०.०१ टक्के म्हणजे १ टीबीत १०० एमबी. तो रिकाम्या जागेत असेल तर काहीच गेलं नाही, फोटोंच्या फोल्डरात असेल तर बरेच फोटो गेलेत, आणि सिस्टीमच्या एखाद्या लायब्ररीत असेल तर आज बूट झालं आणि महिन्याने कुठलंतरी सॉफ्टवेअर विनाकारण क्रॅश होईल. वाचता न आलेल्या जागी नव्या डिस्कवर आधी जे होतं तेच राहतं, कोऱ्या डिस्कवर शून्यं. फाइलचं नाव, साइज, तारीख सगळं जागेवर, आत पोकळ. बघून कळत नाही.

सिस्टीमच्या फाइली तपासणं सोपं, कारण त्यांचे चेकसम (फाइल बदललीय का ते ओळखायचा आकडा) पॅकेजबरोबर आलेले असतात. डेबियनवर डेबसम्स, फेडोरावर आरपीएमचं व्हेरिफाय, जे चुकलेलं दाखवेल ते पॅकेज परत इन्स्टॉल. कॉन्फिगच्या फाइली वेगळ्या दिसतील, त्या तुम्हीच बदललेल्या असतात.

तुमच्या स्वतःच्या फाइलींना चेकसम नसतो, तिथे डीडीरेस्क्यूचा फिल-मोड कामाला येतो. एखादा विचित्र शब्द असलेली फाइल त्याला द्यायची, मॅपफाइलमध्ये खराब म्हणून नोंदलेल्या प्रत्येक जागी तो हा शब्द भरतो, मग माउंट करून ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द शोधला की नेमक्या कुठल्या फाइली फुटल्या त्यांची यादी हातात येते. हे मात्र इमेजच्या वेगळ्या कॉपीवर करा, वापरायच्या प्रतीवर नाही.

आणि भोकं बरीच निघाली तर माझं सरळ मत आहे, सिस्टीम वाचवायच्या भानगडीत पडू नका. नवीन इन्स्टॉल करा, होम फोल्डर आणा, ईटीसीमधलं जे तुम्ही हाताने बदललं होतं ते एकेक बघून आणा, पॅकेजांची यादी जुन्यावरून काढून परत टाका. दुपारभराचं काम. क्लोन एररशिवाय झाला असेल तर बेलाशक तोच वापरा, भोकं पडलेला क्लोन वापरात ठेवायचा हट्ट मला कधी कळलेला नाही.

प्रश्न : डिस्कमधून टक टक आवाज येतोय, बायोसमध्ये कधी दिसते कधी नाही. फ्रीझरमध्ये ठेवून बघू का? आणि काम झाल्यावर जुनी डिस्क वॉरंटीत परत देण्याआधी पुसायची कशी?

उत्तर : फ्रीझर नाही. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि होतं नव्हतं तेही जातं. टक टक म्हणजे बहुतेक हेडचा (डेटा वाचणाऱ्या आतल्या सुईचा) प्रश्न, वीज द्याल तेवढ्या वेळ ते प्लॅटर (डेटा असलेली आतली तबकडी) ओरखडत असू शकतं. डेटा खरंच मोलाचा असेल तर बंद करून रिकव्हरी लॅबकडे, स्वतः झाकण उघडायचं नाही. मोलाचा नसेल तर एक डीडीरेस्क्यू मारून बघा, मिळालं तर मिळालं.

पुसायचं म्हणाल तर श्रेड कमांड किंवा शून्यं लिहिणं इथे अर्धवटच होतं. जे सेक्टर डिस्कने बाद करून बाजूला टाकलेत तिथपर्यंत तुमचं लिहिणं पोचतच नाही आणि जुना मजकूर तिथे तसाच राहतो. एचडीपार्म कमांडने एटीएचं सिक्युअर इरेज (डिस्कला स्वतःलाच पुसून घ्यायला सांगणं) देऊन बघा, एन्हान्स्ड प्रकार असेल तर तो द्या, तो त्या बाद सेक्टरांवरही लिहायचा असतो. डिस्क त्यालाही दाद देत नसेल आणि आत बँकेचे कागद वगैरे उघडे पडलेले असतील तर वॉरंटी सोडा आणि प्लॅटर फोडा. लक्स असेल तर हेडरची जागा पुसली गेली की झालं, तेवढा भाग मात्र खरंच लिहिला गेलाय ना ते परत वाचून बघा. आणि हे सगळं नव्या डिस्कचा एक पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर झाल्यावरच, तोपर्यंत जुनी कपाटात राहू दे.